मोरांचा संघ, वस्ताद आणि पोर्टल: कॉलेज बास्केटबॉलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. कुणाला ऑफिसात ब्रॅकेट, म्हणजे कोण जिंकेल याच्या अंदाजांचा तक्ता, भरायला दिलेला असतो, कुणाचा मुलगा शाळेच्या टीममध्ये आलेला असतो, कुणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी आलेले असतात आणि टीव्हीवर रोज रात्री हे काय चाललंय ते त्यांना समजून घ्यायचं असतं. गेली काही वर्षं मी सगळ्यांना तीच तीच उत्तरं देते आहे, ती इथे एकत्र लिहून काढली. मी जर्सी सिटीत राहते आणि सेंट पीटर्स युनिव्हर्सिटीच्या पुरुष संघाची पाठीराखी आहे. उत्तरांत ती बाजू दिसणारच.

कॉलेजच्या मुलांच्या सामन्यांचं एवढं काय?

कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या सर्वांत वरच्या गटाला डिव्हिजन वन म्हणतात. त्यात पुरुषांचे 360 हून अधिक संघ आहेत आणि त्यातले 68 मार्चमधल्या स्पर्धेत जातात. हरलात की घरी, दुसरी संधी नाही. 1939 साली ही स्पर्धा आठ संघांवर सुरू झाली होती. कितीतरी राज्यांत एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, संघच नाही. केंटकी किंवा कॅन्सासमध्ये कॉलेजचा संघ हाच गावाचा संघ, आणि त्या कॉलेजची पायरीही न चढलेली माणसं त्याच्यासाठी जीव टाकतात. शिवाय अडीच-तीन हजार मुलांचं कॉलेज तीस हजारांच्या विद्यापीठासमोर त्याच लाकडी फळ्यांवर उभं राहतं. हे दुसऱ्या कुठल्या खेळात इतक्या सहज बघायला मिळत नाही.

तुम्ही सेंट पीटर्सच्याच पाठीशी का?

घराजवळचं कॉलेज म्हणून आधीपासून आपुलकी होती. जीव जडला तो 17 मार्च 2022 च्या रात्री.

त्या वर्षी सेंट पीटर्सला आपल्या विभागातल्या सोळा मानांकनांत पंधरावं मानांकन होतं, समोर दुसऱ्या मानांकनाचं केंटकी. केंटकीच्या कोचचा, जॉन कॅलिपारी यांचा, एकट्याचा पगार आमच्या अख्ख्या संघाच्या वर्षाच्या खर्चाच्या कितीतरी पट. माझे सासरे तेव्हा कोल्हापूरहून आलेले होते. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपण तालमीत गेलेलं. पडद्याच्या कोपऱ्यात आमच्या संघाचं मोराचं चिन्ह दिसलं तसे ते सोफ्यावर पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "मोर कुणाचा ग?" मी म्हटलं, "आपल्याच गावचा, मामंजी. केनेडी बुलेवार्डवरनं जातो ना आपण, तिथलं कॉलेज." मग ते हललेच नाहीत. डॅरिल बँक्सने 27 गुण केले. मिशीवाला डग एडर्ट बाकावरून येऊन 20 करून गेला. केंटकीच्या ऑस्कर शिब्वेने 30 गुण आणि 16 रिबाउंड घेऊनही सामना जादा वेळेत गेला आणि आम्ही 85-79 असा जिंकलो. मामंजींनी मांडीवर थाप मारली, आखाड्यात मारतात तशी.

पुढे मरे स्टेट हरलं, मग फिलाडेल्फियात परड्यू हरलं, 67-64. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत जाण्याची ती स्पर्धेच्या इतिहासातली पहिलीच वेळ. 27 मार्चला नॉर्थ कॅरोलायनाने 69-49 असं हरवलं तेव्हा कुठे हे थांबलं.

मग त्या संघाचं पुढे काय झालं?

हा प्रश्न विचारला की अजूनही घशाशी येतं. 27 ला हरलो आणि 30 मार्चला कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेल्याची घोषणा झाली. सीटन हॉल इथून जवळच. ते त्यांचं स्वतःचं कॉलेज. 2000 साली तिथे ते पॉइंट गार्ड म्हणून खेळलेले. घरून बोलावणं आलं आणि ते गेले. त्यात मला काही गैर वाटत नाही.

पण त्यांच्या मागोमाग पोरंही पांगली. केसी एनडेफो त्यांच्यासोबत सीटन हॉलला. बँक्स सेंट बोनाव्हेंचरला. एडर्ट ब्रायंटला. मालीहून आलेले द्रामे जुळे भाऊ ला सालला. ज्यांची नावं आमच्या चौकातल्या शाळकरी पोरांना तोंडपाठ झाली होती त्यातली निम्म्याहून अधिक उन्हाळा लागेपर्यंत गेली. मामंजी तोवर कोल्हापूरला परतले होते. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आधी वस्ताद गेला व्हय? मग पोरांना का नावं ठेवायची?"

या पानावर पुढे जे लिहिलंय त्याचा बराचसा भाग त्या एका वाक्यातून आला आहे.

ट्रान्सफर पोर्टल म्हणजे नेमकं काय?

एक यादी. 15 ऑक्टोबर 2018 पासून सुरू झालेली. खेळाडूला कॉलेज बदलायचं असेल तर त्याने आपल्या कॉलेजला कळवायचं, आणि कॉलेजने कामाच्या दोन दिवसांत त्याचं नाव यादीत चढवायचं. नाव चढलं की बाकीच्या कॉलेजांचे कोच त्याच्याशी बोलू शकतात. त्याआधी दुसऱ्या कॉलेजाशी बोलायलाही आपल्याच कॉलेजची परवानगी लागायची, आणि ती नाकारली जायची.

नाव मागे घेता येतं, पण जुन्या कॉलेजने जागा राखून ठेवावी असं बंधन नाही. स्कॉलरशिप जाऊ शकते. मुलाला कुणी "नुसतं नाव टाकून बघ" असं सुचवलं तर हे आधी सांगा. दर वर्षी कित्येक मुलांची नावं यादीत राहतात आणि फोन वाजत नाही.

यादीत नाव चढवायची मुदतही आवळत गेली आहे. बास्केटबॉलसाठी आधी 60 दिवस होते, मग 45, मग 30, आणि 2026 पासून 15.

पूर्वी एक वर्ष बसावं लागायचं ना? ते का गेलं?

हो. पुरुषांच्या बास्केटबॉलसह पाच खेळांत कॉलेज बदललं की एक सीझन बाहेर बसावं लागे. सराव करायचा, सामने नाहीत. एप्रिल 2021 मध्ये नियम बदलला आणि एकदा बदलायची मोकळीक मिळाली. दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांना मात्र अजून बसावं लागत होतं. डिसेंबर 2023 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायालयाने त्यालाही स्थगिती दिली. एप्रिल 2024 मध्ये एनसीएएने स्वतःच मान्य केलं की अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा बदला आणि लगेच खेळा.

परिणाम समोर आहे. 2025 च्या वसंतात पुरुषांच्या डिव्हिजन वनमधून दोन हजारांहून अधिक नावं पोर्टलमध्ये गेली. सरासरी काढली तर प्रत्येक संघातून पाच-सहा.

कोच निघून जातो तेव्हा इतकी ओरड का होत नाही?

माझा सगळ्यात जुना राग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2022 चीच साखळी बघा. सीटन हॉलचे केव्हिन विलार्ड मेरीलँडला गेले. म्हणून हॉलोवे सेंट पीटर्सहून सीटन हॉलला. म्हणून बशीर मेसन वॅग्नरहून सेंट पीटर्सला. एक मोठी खुर्ची रिकामी झाली की चार-पाच कॉलेजांत उलथापालथ होते, आणि प्रत्येक ठिकाणी डझनभर मुलांचं आयुष्य हलतं. तीन वर्षांनी विलार्ड मेरीलँडही सोडून व्हिलानोव्हाला गेले.

किंवा 2023. इथल्याच फेअर्ली डिकिन्सनने सोळाव्या मानांकनावरून पहिल्या मानांकनाच्या परड्यूला 63-58 हरवलं. कोच टोबिन अँडरसन यांचा तिथला तो पहिलाच सीझन, आणि येताना त्यांनी आपल्या जुन्या डिव्हिजन टू कॉलेजातले तीन खेळाडू सोबत आणले होते. काही दिवसांतच ते आयोनाला गेले, कारण आयोनाचे रिक पिटिनो सेंट जॉन्सला गेले होते. आणि पिटिनो गेले म्हणून आयोनाचा गार्ड वॉल्टर क्लेटन पोर्टलमधून फ्लोरिडाला गेला. आयोनाने दोन सीझननंतर अँडरसन यांनाही काढलं.

आता सांगा, या साखळीत क्लेटनने एक वर्ष बाकावर बसावं आणि कोचने दुसऱ्या दिवशी नव्या कॉलेजचा टाय घालून पत्रकार परिषद घ्यावी, हे न्यायाचं आहे का? कित्येक दशकं नेमकं हेच चालत होतं. कोचच्या करारात मुदतीआधी सोडलं तर भरायची रक्कम लिहिलेली असते, ती नवं कॉलेज भरतं, विषय संपतो. मुलाकडून मात्र आयुष्याच्या चार खेळण्याजोग्या वर्षांतलं एक वर्ष कापून घेतलं जायचं. तो नियम गेला याचा मला आनंद आहे, आमचा संघ त्यात फुटला तरीही.

सगळेच कोच उड्या मारतात असं नाही. युकॉनचे (कनेक्टिकट विद्यापीठाचे) डॅन हर्ली 2023 आणि 2024 अशी सलग दोन विजेतेपदं मिळवल्यावर लॉस एंजेलिस लेकर्सचं बोलावणं नाकारून कॉलेजातच राहिले. उलट व्हर्जिनियाचे टोनी बेनेट 55 व्या वर्षी, ऑक्टोबर 2024 मध्ये, सीझन तोंडावर असताना निवृत्त झाले. या नव्या वातावरणासाठी आपण योग्य माणूस नाही असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. 2018 मध्ये पहिलं मानांकन असून सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून हरणारे पुरुषांच्या स्पर्धेतले ते पहिले, आणि पुढच्याच वर्षी विजेते. असा माणूस थकून बाजूला होतो तेव्हा खेळाचंही काहीतरी जातंच.

मुलांना आता पैसे मिळतात ते कुठून?

दोन वाटांनी. 1 जुलै 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेऊ शकतो. याला एनआयएल म्हणतात. केंटकीला हरवल्यावर आमच्या एडर्टला चिकन विंग्सच्या एका मोठ्या साखळीची जाहिरात मिळाली होती. मोठ्या कॉलेजांभोवती श्रीमंत पाठीराख्यांचे गट उभे राहिले, त्यांना कलेक्टिव्ह म्हणतात, आणि खरा पैसा तिथून वाहू लागला.

दुसरी वाट 1 जुलै 2025 पासूनची. खेळाडूंच्या पैशांवरून चाललेल्या हाऊस नावाच्या खटल्यातल्या तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी जून 2025 मध्ये मंजुरी दिली आणि कॉलेजं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला सगळ्या खेळांसाठी मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. फुटबॉल असलेल्या कॉलेजांत मोठा घास फुटबॉल घेतं.

मामंजींना हे समजवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे खुराक." शाहू महाराजांच्या काळी पैलवानाचा खुराक दरबारातून यायचा, पुढे तो तालमीकडून, आश्रयदात्यांकडून यायला लागला. घाम गाळणाऱ्याला दूध-बदाम मिळाले तर त्यात वाईट काय, असं त्यांचं म्हणणं. माझंही तेच आहे.

भारतातून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या खेळाडूला हे पैसे घेता येतात का?

इथे अतिशय जपून. एफ-1 वर कामाला कडक मर्यादा आहेत आणि अमेरिकेत राहून जाहिरात करणं हे काम धरलं जाऊ शकतं. काँगोहून आलेला शिब्वे केंटकीच्या बहामास दौऱ्यावर असताना आपले एनआयएलचे करार करून आला, कारण तिथे तो अमेरिकेबाहेर होता. मित्राने केलं म्हणून सही करू नका. आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी आणि इमिग्रेशन वकिलाशी बोला. व्हिसा गेला तर खेळ आणि डिग्री दोन्ही गेलं.

मुलं येतात हे मात्र खरं. एनबीए अकॅडमी इंडियात तयार झालेला पंजाबचा अमान संधू 2022 मध्ये आमच्या न्यू जर्सीतल्याच मॉनमथला आला.

रिक्रूटिंगमधले ते 'फाइव्ह स्टार' कोण ठरवतं?

खासगी संस्था. बूट कंपन्यांच्या उन्हाळी स्पर्धांत शाळकरी मुलं खेळतात, कोच आणि जाणकार बघतात, तारे देऊन याद्या निघतात. सगळ्यात वरचे बहुतेक एकच वर्ष कॉलेजात थांबतात, कारण एनबीएच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी, वय 19 आणि शाळा सुटून एक वर्ष झालेलं लागतं. 2006 पासूनचा हा नियम आहे. ड्यूकचा कूपर फ्लॅग असाच एक सीझन खेळला आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला.

यादीवर फार विसंबू नका. परड्यूचा झॅक एडी, उंची सात फूट चार इंच, बास्केटबॉलकडे उशिरा वळलेला, याद्यांत पार खाली होता. 2023 आणि 2024 अशी दोन्ही वर्षं तोच देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला.

मग शाळेतली मुलं घेऊन घडवायची, की पोर्टलमधून तयार खेळाडू आणायचे?

दोन्हींनी जिंकता येतं, आणि या वादात रात्री निघतात.

पोर्टलच्या बाजूने बोलायचं तर 2025 चं फ्लोरिडा. क्लेटन आयोनाहून, विल रिचर्ड बेलमाँटहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून. अंतिम सामन्यात ह्यूस्टनला 65-63 हरवलं. क्लेटनला पूर्वार्धात एकही गुण करता आला नव्हता, तरी शेवटच्या क्षणी ह्यूस्टनच्या शार्पचा शॉट रोखायला धावून गेला तो तोच. युकॉनच्या 2024 च्या संघातही ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलायनाहून आलेला होता.

घडवण्याच्या बाजूने परड्यू. मॅट पेंटर यांचा संघ 2021 मध्ये तेराव्या, 2022 मध्ये पंधराव्या, 2023 मध्ये सोळाव्या मानांकनाकडून हरला. दुसरा कुणी असता तर अर्धा संघ बदलून टाकला असता. पेंटर यांनी तीच पोरं ठेवली, बाहेरून लान्स जोन्ससारखा अनुभवी गार्ड तेवढा आणला, आणि 2024 मध्ये थेट अंतिम सामन्यात गेले. तिथे युकॉनकडून हरले, पण मला ते हरणं कित्येक विजेतेपदांहून मोठं वाटतं. ज्या पोरांनी सोळाव्या मानांकनाकडून हरून मान खाली घातली, तीच पोरं पुढच्या वर्षी त्या मैदानावर उभी होती. लोकांना चार वर्षं एकाच मुलाला मोठं होताना बघायचं असतं. मलाही.

मुलगा शत्रुपक्षाला जाऊन मिळाला तर त्याची हुर्यो उडवायची का?

नाही. सीटन हॉलचा कडारी रिचमंड 2024 मध्ये कट्टर प्रतिस्पर्धी सेंट जॉन्सला गेला आणि तिथे बिग ईस्ट ही कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची स्पर्धा, जिंकला. इकडे हॉलोवे यांचा संघ त्या सीझनला 7 जिंकून 25 हरला. आमच्यातल्या काहींना त्यात गंमत वाटली, जो आम्हाला सोडून गेला त्याला त्याचा खेळाडू सोडून गेला म्हणून. मला वाटली नाही. रिचमंड मुळात सीटन हॉललाही सिरॅक्यूजहून आलेला, आणि त्याने तिथे मनापासून खेळ केला होता.

लहान कॉलेजांचं आता काय होणार?

याची काळजी मला खरोखर वाटते. 2025 च्या स्पर्धेत शेवटचे सोळा संघ फक्त चार मोठ्या कॉन्फरन्सचे होते. एकही सेंट पीटर्स नाही, एकही फेअर्ली डिकिन्सन नाही. कारण साधं आहे. लहान कॉलेजात दोन वर्षांत जो मुलगा तयार होतो त्याला तिसऱ्या वर्षी मोठं कॉलेज कितीतरी पट पैसे देतं. तो जाणार, आणि त्याने जावंच.

पण घडवणाऱ्याच्या पदरात काही का पडू नये? जागतिक फुटबॉलमध्ये खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली झाली की रकमेतला पाच टक्के वाटा, 12 ते 23 या वयात त्याला ज्यांनी घडवलं त्या क्लबांना मिळतो. तसंच इथे व्हावं. आयोनाचा गार्ड फ्लोरिडाला गेला तर फ्लोरिडाने आयोनाला ठरावीक रक्कम द्यावी, मुलाच्या पैशांना हात न लावता. त्यातून आयोनाला चांगला ट्रेनर ठेवता येईल, आणखी दोन मुलांचा उन्हाळ्याचा खर्च निघेल. ही माझी सूचना आहे, नियम नव्हे, पण मी ती भेटेल त्याला सांगते. मुलांना पुन्हा बाकावर बसवून लहान कॉलेजं वाचवायची ही कल्पना मला मान्य नाही.

आणि शिक्षण?

आईवडिलांनी हा प्रश्न पहिला विचारावा. खेळायला पात्र राहायचं तर दुसऱ्या वर्षाअखेर डिग्रीचा 40 टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर 60 आणि चौथ्या वर्षाअखेर 80 टक्के भाग पुरा झालेला लागतो. कॉलेज बदललं की सगळे क्रेडिट्स धरले जातातच असं नाही. नव्या कोचशी बोलताना मिनिटं आणि पैसे यांच्याआधी विचारा, कुठले विषय धरणार ते लिहून द्याल का?

सेंट पीटर्स आता कसं आहे?

मेसन यांनी नवी माणसं जमवली आणि 2024 मध्ये आमची कॉन्फरन्स जिंकून संघ पुन्हा स्पर्धेत नेला. पंधरावंच मानांकन. टेनेसीने मोठ्या फरकाने हरवलं, पण दोन वर्षांत तिथवर परत येणं सोपं नव्हतं.

सामना बघायला जायचंय. कसं जाऊ?

पाथ ट्रेनने जर्नल स्क्वेअरला उतरा आणि केनेडी बुलेवार्डने दक्षिणेकडे चालत सुटा, दहा-पंधरा मिनिटं. मैदानाचं नाव 'रन बेबी रन' अरीना. 1968 साली ड्यूकला 100-71 हरवणाऱ्या संघाच्या धावत्या खेळावरून ते पडलं. सीझन नोव्हेंबरात सुरू होतो. मुलांना न्या, कारण जागा लहान आहे, बुटांचा आवाज आणि कोचचं ओरडणं दोन्ही स्वच्छ ऐकू येतं. जाण्याआधी यंदाच्या खेळाडूंची यादी एकदा वाचून घ्या. गेल्या वर्षीची नावं पाठ असतील तर त्यातली बरीच सापडणार नाहीत. सामना संपला की त्याच रस्त्याने उलटं येऊन न्यूअर्क अव्हेन्यूवर जेवा. मामंजी पुढच्या खेपेला आले की आम्हीही तिथेच असू.